कोरा खेळ

कोल्हापुरातल्या कुस्तीच्या मैदानाबाहेर दुपारीच रांग लागली होती, आणि रांगेतला प्रत्येक जण दाराशी पोचला की खिशातला पारवा काढून टोपलीत ठेवत होता. पारवा म्हणजे तळहातावर मावेल असा करडा, गुळगुळीत गोटा. त्यावर हात ठेवला की ज्याच्याकडे त्याचा जोडीदार गोटा असेल, त्याला तो हात आपल्या हातावर जाणवतो. ऊब, दाब, बोटांची हालचाल, सगळं. माणूस सिडनीत असो की शिरोळात. २०७१ सालात घराबाहेर पडताना पारवा विसरणं म्हणजे चप्पल विसरण्यासारखंच होतं.

तोच पारवा टोपलीत टाकून ही सगळी मंडळी आत चालली होती, आणि आत त्यांना पाहायचा होता तो त्याच पारव्याचा पहिला सोहळा. हृषीकेश नाईकवडी नावाच्या माणसाने तेहतीस वर्षांपूर्वी, २०३८ साली, याच मैदानात, याच लाल मातीत उभं राहून पारवा पहिल्यांदा जगाला दाखवला होता. सोहळ्याचं चित्रण कुणी पाहिलं नव्हतं असं नाही. शेकडो वेळा पाहिलं होतं. काहींना तर भाषण तोंडपाठ होतं. पण आज ते पाहणार होते पहिल्यांदाच, कारण आत गेल्यावर तेहतीस वर्षं त्यांच्या डोक्यातून काही तासांपुरती बाजूला होणार होती.

अशा सोहळ्याला लोक 'कोरा खेळ' म्हणत. कोरा म्हणजे एकदाही पाण्यात न पडलेल्या कापडासारखा.

ऋजुता घाटगे मागच्या दाराने आत आली तेव्हा पुढच्या दारावर एका जोडप्याची गंमत चालली होती. अडतीस सालानंतर लग्न झालेल्यांनी वेगवेगळ्या बाजूला बसायचं, असा नियम होता.

"म्हणजे आत गेल्यावर तू मला ओळखणार नाहीस," बाई म्हणत होती.

"घंटा वाजेपर्यंत नाही," नवरा म्हणाला.

"मग इतका खुशीत का दिसतोयस?"

रांग हसली. ऋजुताही हसली आणि पडद्यामागच्या आपल्या जागेवर गेली. सत्तरीला टेकलेली ही बाई अजून काळेच कपडे घालायची. पडद्यामागच्या माणसाने अंधारात मिसळून जावं ही तिची जुनी सवय. नाईकवडींच्या सगळ्या सोहळ्यांची सूत्रं तिच्या हातात असत. दिवा कधी मंद करायचा, ढोल कुठे थांबवायचा, पडदा किती सावकाश सरकवायचा, सगळं ती ठरवायची. लोकांना नाईकवडी दिसत, आणि नाईकवडींना त्या काळोखात ऋजुताची मान हललेली दिसे, की ते पुढचं वाक्य बोलत.

सहा महिन्यांपूर्वी डॉ. तबस्सुम शिकलगार तिच्या घरी आल्या तेव्हा ऋजुताने त्यांना सरळच विचारलं होतं, "म्हणजे तुम्ही माणसांची आठवण पुसता?"

"पुसत नाही, ताई. झोपवते." डॉक्टरांनी खिडकीबाहेरच्या तोडलेल्या गुलमोहोराकडे बोट दाखवलं होतं. "त्या बुंध्यात वलयं दिसतात ना? दर वर्षाचं एक. आपल्या मेंदूतही तसंच असतं. एका काळातल्या आठवणी धरून ठेवणाऱ्या पेशी एकमेकींशी बांधलेल्या असतात. आम्ही त्यांना स्मृतिवलयं म्हणतो. बाहेरची काही वलयं चुंबकाच्या हलक्या लहरींनी निजवता येतात, हे आम्हाला सापडलं. अडतीस सालापासूनची सगळी वलयं निजवली, की आतला माणूस अडतीस साल उजाडतानाचा उरतो."

"आणि परत कशी जागी होतात?"

"एका घंटेनं. निजवताना एक ठराविक सूर कानात वाजवून ठेवतो. तोच सूर पुन्हा कानावर पडला, की सगळं एका श्वासात परत येतं. काही हरवत नाही."

"पण माणूस आपले हात बघेल की. सुरकुत्या पडलेले."

"स्वप्नात तुम्ही कधी विचारलंय का, मी इथं कशी आले म्हणून?" डॉक्टर म्हणाल्या. "मेंदूला विचारायची आठवण करून दिली नाही, तर तो विचारत नाही. आम्ही आत आरसा ठेवत नाही, इतकंच."

या युक्तीचं शास्त्रीय नाव लांबलचक होतं. वर्तमानपत्रांनी त्याचं 'स्मृतिझापड' केलं आणि कोल्हापूरकरांनी त्यातली स्मृतीही काढून टाकली. "काल झापड खाऊन आलो" असं लोक आता गालाला हात न लावता सांगायचे.

डॉक्टरांची अडचण वेगळीच होती. त्यांच्याकडे माणसं निजवण्याची विद्या होती, नाईकवडींचं चित्रण होतं, आणि त्यातून मातीवर उभी करता येईल अशी त्यांची प्रकाशप्रतिमाही होती. तरी पहिले दोन खेळ पडले होते. लोकांनी पाहिलं, माना डोलावल्या, जांभया दिल्या. "आश्चर्य का वाटत नाही त्यांना?" डॉक्टरांनी विचारलं होतं.

ऋजुताने चित्रण एकदाच पाहिलं आणि उत्तर दिलं. "तुम्ही साहेबांना दाखवताय. साहेब बोलायच्या आधी जे होत होतं, ते दाखवतच नाही."

त्यानंतर तिने मैदान हातात घेतलं. मातीवर पाणी मारायला लावलं, त्या वासाने लोक आपोआप गप्प बसतात म्हणून. हलगी आणली. छताचं कापड सरकवून दुपारचा एक कवडसा बरोबर मधे पडेल अशी सोय केली. आणि तिसऱ्या खेळाला ते घडलं.

कवडशात नाईकवडींची चाळिशीतली प्रतिमा उभी राहिली. पायात काही नाही, विजार घोट्यापर्यंत दुमडलेली, पैलवानासारखी चिमूटभर माती कपाळाला लावलेली. या माणसाने कधी आकडे सांगितले नाहीत की यंत्राची क्षमता सांगितली नाही. तो इतकंच म्हणाला, "माझी आई भुदरगड तालुक्यात असते. मी इथं. गेल्या महिन्यात ती पडली. फोनवर म्हणाली, मला काही झालेलं नाही. मला पटलं नाही. म्हणून हे बनवलं." मग मोठ्या पडद्यावर त्याची आई दिसली, स्वयंपाकघरात पाटावर बसलेली, मांडीवर एक करडा गोटा. नाईकवडींनी आपल्या हातातल्या गोट्यावर हात ठेवला आणि गप्प राहिले. त्या गप्प राहण्याची लांबी तेव्हाही ऋजुतानेच ठरवली होती आणि आताही तिनेच.

पडद्यावर म्हातारीने दचकून हात मागे घेतला. पुन्हा ठेवला. डोळे मिटले. मग म्हणाली, "हृषा, हात किती गार पडलाय रे तुझा. काही खाल्लंस का?"

सगळ्या मैदानाने एकदम श्वास आत घेतला. हजारो माणसांचा एकच 'हं'. त्यानंतर हसू, त्यानंतर टाळ्या, आणि दगडी कट्ट्यांवर म्हातारी माणसं तरण्यांसारखी उभी राहून शिट्ट्या मारू लागली. ज्यांनी टोपलीत टाकलेल्या पारव्यांचे रंग वापरून वापरून उडाले होते, ती माणसं मातीत उतरून, नमुने मांडलेल्या टेबलांभोवती रेटारेटी करत विचारत होती, "हे मिळणार कधी?"

पडद्यामागे डॉक्टरांच्या डोळ्यांत पाणी होतं. "ताई, हे तुम्ही कसं केलं?"

"मी तेव्हाही असंच केलं होतं," ऋजुता म्हणाली. तिला फार बरं वाटत होतं. आपलं काम पुन्हा एकदा, तितकंच कोरं, तितकंच धारदार चालताना पाहायला मिळावं, असं भाग्य कुणाच्या वाट्याला येतं?

खेळ संपला की घंटा लगेच वाजवत नसत. मेंदूला थोडं स्थिरावू द्यावं लागतं, असं डॉक्टरांचं म्हणणं. त्या मधल्या वेळेला 'रेंगाळ' नाव पडलं होतं. रेंगाळीत लोक मैदानात हिंडत, भेटेल त्याच्याशी बोलत, आता पुढे काय काय होणार याचे अंदाज बांधत. त्यांच्या चेहऱ्यांवर असं काही असायचं की पडद्याच्या फटीतून बघताना ऋजुता चहा प्यायला विसरायची.

मग ती घंटा वाजवायची. आणि मैदानातून पुन्हा एकदा तसाच आवाज यायचा. एकाच वेळी आत घेतलेला श्वास. 'हं.' पहिला 'हं' कशाने येतो ते तिला पक्कं ठाऊक होतं, तो तर तिनेच घडवलेला. या दुसऱ्याचं तिने फारसं मनावर घेतलं नाही. त्यानंतर लोक टोपलीतून आपापला पारवा उचलून हळूहळू बाहेर पडत. जाता जाता पुढच्या खेळाचं तिकीट मात्र काढत.

कोऱ्या खेळांची कीर्ती पन्हाळ्यावर पोचायला वेळ लागला नाही. तिथे कंपनीतून निवृत्त झालेले हृषीकेश नाईकवडी एकटे राहत. एका सकाळी ते स्वतःच गाडी घेऊन ऋजुताच्या दारात उभे राहिले. केस पांढरे, पाठ थोडी वाकलेली, आवाज मात्र होता तसाच, दहा माणसांनी भरलेली खोली एका वाक्यात मुठीत घेणारा.

"घाटगे, माझ्याशिवाय माझे सोहळे करायलीस म्हणं."

"तुमच्याशिवाय कसे, साहेब? मातीत तुम्हीच उभे असता."

"तो पोरगा उभा असतो. मी पन्हाळ्यावर आंब्याला पाणी घालत असतो." ते खुर्चीत बसले. "मला तिकीट पाहिजे."

ऋजुताला वाटलं, चेष्टा करतायत. पण ते गंभीर होते.

"सगळ्या जगानं माझा सोहळा बघितला, मी सोडून. मी नेहमी आतच. पुढचं वाक्य, पुढचं पाऊल, तुझी मान हलली का नाही. लोक 'हं' करायचे तेव्हा मी मनात म्हणायचो, चला, हे जमलं, आता पुढचं. त्यांना नेमकं काय होत होतं, मला कधी कळलंच नाही. लाडू वळून वळून हात दुखले, घाटगे, चव बघितलीच नाही."

तिने डॉक्टरांना विचारलं. डॉक्टर आधी विचारात पडल्या, मग त्यांना उत्साह आला. सोहळा करणाराच सोहळ्याला कोरा, असा प्रयोग कुणी केला नव्हता. "ते स्वतःला मातीत बघतील. पण स्वप्नातही आपण कधी कधी स्वतःला बघतो की. मन काहीतरी जुळवून घेतं."

"दुसरं एक आहे, डॉक्टर," ऋजुता म्हणाली. "त्यांची बायको. वसुधावहिनी. चार वर्षांपूर्वी गेल्या."

डॉक्टर हळूच म्हणाल्या, "जागं झाल्यावर जे परत येईल ते पेलेल ना, हे आम्ही प्रत्येकाला विचारतो. आणि प्रत्येक जण हो म्हणतो. यंत्रं घेताना अटी न वाचता आपण हो म्हणायचो ना, तसंच. त्यांनाही विचारीन."

विचारलं तेव्हा नाईकवडी म्हणाले, "चार वर्षं झाली. सवय झाली आता." आणि टोपरं डोक्यावर चढवायला मान पुढे केली. लहरी सोडणाऱ्या त्या मऊ टोपीला सगळे टोपरंच म्हणत, कारण ती घालून डोळे मिटलेली माणसं तान्ह्या बाळांसारखी दिसत.

त्या दिवशी ऋजुताने पडदा, दिवे, हलगी सगळं सांभाळलं, पण तिचा एक डोळा तिसऱ्या कट्ट्यावर होता. टोपरी काढली गेली, लोकांनी डोळे उघडले. नाईकवडी इकडेतिकडे बघत शेजारच्या माणसाला म्हणाले, "गर्दी चांगली आहे की." कवडशात प्रतिमा उभी राहिली तशी त्यांनी मान तिरकी केली. मग शेजाऱ्याला कोपराने ढोसलं. "हा कोण हो? आमच्या नाईकवड्यांतला दिसतोय. कागलकडचे आहेत आमचे काही, त्यांच्यातला असंल." ऋजुताला हसू आवरेना.

पण प्रतिमा बोलू लागली आणि म्हाताऱ्याचं हसू हळूहळू थांबलं. ते पुढे सरकून बसले. पडद्यावर आई दिसली तेव्हा त्यांचे दोन्ही हात गुडघ्यांवर घट्ट आवळलेले होते. ही आपलीच आई, हे त्यांना कळलं असेल का? स्वप्नातल्यासारखं कळूनही नवल वाटलं नसेल का? ते ऋजुताला सांगता आलं नसतं. म्हातारी म्हणाली, "हात किती गार पडलाय रे तुझा," आणि मैदानाच्या त्या एका श्वासात हृषीकेश नाईकवडींचाही श्वास होता. ते उभे राहिले. टाळ्या वाजवायच्या विसरून तसेच उभे राहिले.

रेंगाळ सुरू झाली. वेळ भरत आली तशी ऋजुताने घंटेच्या दोरीला हात लावला, तेवढ्यात पडदा बाजूला करून नाईकवडी थेट तिच्यासमोर आले.

"इथलं सगळं तुम्ही बघता काय?"

ती गडबडली. "हो."

"तरी म्हटलं." त्यांचे डोळे चमकत होते. "तो पोरगा चांगला बोलतो, प्रश्नच नाही. पण त्यानं हात ठेवला आणि मग जी शांतता होती, ती त्याची नव्हती. ती दुसऱ्या कुणाची तरी होती. मी बघत होतो, तो पडद्याकडं बघून थांबत होता. कोण हाय तिकडं, म्हणून बघायला आलो. नाव काय तुमचं?"

"ऋजुता घाटगे."

"घाटगेबाई, मी हृषीकेश नाईकवडी. माझी एक लहानशी कंपनी आहे. डोक्यात लई काय काय आहे, पण लोकांपुढं मांडायला मला जमत नाही, घाई होते. तुमच्यासारखं माणूस पाहिजे मला. इथलं सोडा आणि आमच्याकडं या."

अडतीस सालाच्या सुरुवातीला गडहिंग्लजच्या एका नाटकाच्या तालमीनंतर त्यांनी जवळजवळ याच शब्दांत तिला विचारलं होतं. तेव्हा ती घाबरली होती, उत्तर द्यायला चार दिवस घेतले होते. आता ती घाबरली नाही. आयुष्यभर ज्याच्यासाठी काम केलं त्या माणसाने, काही आठवत नसताना, ओळख ना पाळख, पुन्हा तिलाच निवडलं होतं. असं कुणाला मिळतं?

"येते की," ती म्हणाली.

"असं लगेच? विचार करा. घरी विचारा."

"विचार झालाय."

ते खळखळून हसले. "मग उद्याच या. आता मला निघायला पाहिजे. वसुधा वाट बघत असंल. आज तिनं तांबडा-पांढरा केलाय, आणि गार झालेला तिला चालत नाही. मला काय, मी कसाही खातो. पण हे सगळं तिला सांगायचंय. ती म्हातारी, तो हात... तिला रडूच येईल बघा." त्यांनी खिसे चाचपले. "गाडीची किल्ली कुठं ठेवली?"

ऋजुताच्या हातात दोरी होती. तिने फटीतून मैदानाकडे पाहिलं, आणि गेले सहा महिने रोज पाहिलेलं तिला आज पहिल्यांदा दिसलं. पारव्याच्या टेबलांपाशी आता कुणीच नव्हतं. एक म्हातारा दुसऱ्याला सांगत होता, धाकट्या भावाला आजच हे दाखवायला आणायचं होतं, पण त्याची मॅच आहे. एक बाई शेजारणीला म्हणत होती, मला लवकर गेलं पाहिजे, माझं बाळ आईजवळ आहे आणि आईला आता जिना झेपत नाही. कुणी घरी जायच्या घाईत होतं, कुणी उद्याचे बेत करत होतं, आणि सगळ्यांच्या घरी कुणीतरी वाट बघत होतं.

"किल्ली सापडंना," नाईकवडी म्हणाले. "रिक्षानं जातो."

ते दाराकडे वळले. थांबवायला हवं होतं. ती घंटा वाजवायचं पुढे ढकलू शकत होती. किती, ते कुणी विचारलं नसतं. पण दार उघडलं असतं तर बाहेर एकाहत्तर साल होतं. ती म्हणाली, "साहेब, जरा बसा," आणि त्यांनी पायरीवर बसेपर्यंत वाट पाहून दोरी ओढली.

मैदानातून तो दुसरा 'हं' आला. या वेळी तो तिच्या इतक्या जवळून आला, की तो कशाचा असतो ते तिला आता कुणाला विचारावं लागलं नसतं.

नाईकवडी पायरीवर बसून राहिले. त्यांचे हात अजून खिशांत होते. मग त्यांनी ते बाहेर काढले, उलटसुलट करून पाहिले. ऋजुता त्यांच्या शेजारी बसली. ते म्हणाले, "भारी होता गं सोहळा."

"हो ना?"

"लोक का वेडे व्हायचे ते आज कळलं." त्यांनी तोंडावरून हात फिरवला आणि हसले. अगदी खरं हसले. "तुला नोकरी दिली मी परत."

"मी घेतली पण."

"या वेळी एका मिनटात घेतलीस. त्या वेळी किती नाचवलं होतंस मला." मग उठता उठता, पाण्याचा ग्लास मागावा इतक्या सहज ते म्हणाले, "परवाचं तिकीट मिळंल काय?"

"साहेब," ती हळू आवाजात म्हणाली, "परवा घंटा वाजली की वहिनी पुन्हा जातील. आज गेल्या तशा. दर वेळी."

"ते खरं." ते पायरी उतरले. "पण घंटा वाजायच्या आधी घरी असत्यात ना."

ती त्यांना सोडायला तिकीटखिडकीपर्यंत गेली. तिथे मोठी रांग होती, आणि नाईकवडी ओळख न सांगता रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले. खिडकीवर पाटोळे नावाचे गृहस्थ बसत. त्यांच्या मागच्या फळ्यावर नाईकवडींच्या सगळ्या सोहळ्यांची नावं आणि सालं सुंदर अक्षरात लिहिलेली होती, कारण एव्हाना त्या सगळ्यांचेच कोरे खेळ होऊ लागले होते. पारवा, मग हातभर अंतरावर उजेड देणारी वात, मग म्हाताऱ्यांची काठी आणि बाकीचं. ऋजुता पाटोळ्यांच्या बाजूला उभी राहून ऐकू लागली.

"पंचेचाळीस," पहिली बाई म्हणाली.

पाटोळ्यांनी तिकीट दिलं.

"एकोणचाळीसच्या आतलं कुठलंही," पुढचा म्हणाला.

"बावन्न चालेल. पण मार्चच्या आधीचं पाहिजे. मार्चच्या आधीचंच."

एकानेही फळ्याकडे पाहिलं नाही. पारव्याचं नाव कुणी घेतलं नाही, काठीचं घेतलं नाही, नाईकवडींचंही नाही. ऋजुताला वाटलं होतं, लोकांना सोहळ्याची ओढ आहे. डॉक्टरांनाही तसंच वाटत होतं, पेपरांतही तसंच छापून येत होतं. माणसाला जुनं आश्चर्य पुन्हा हवं असतं, त्यात वाईट काय, असं ती स्वतःच सगळ्यांना सांगत आली होती. रांग पुढे सरकत होती, माणसं वर्षं सांगत होती, हसत होती, मागच्याला वाट करून देत होती. रांगेत कुणीही दुःखी दिसत नव्हतं.

नाईकवडींचा नंबर आला. "अडतीस," ते म्हणाले, आणि तिकीट खिशात घालून, ऋजुताला हात करून गाडीकडे गेले. पन्हाळ्याच्या रस्त्याला लागेपर्यंत ती गाडीकडे बघत राहिली.

खिडकी बंद करायच्या आधी पाटोळ्यांनी चष्मा पुसत तिच्याकडे पाहिलं. "काय मॅडम, रोज लोकांना पाठवता. तुम्ही कधी जात नाही. तुम्हाला कुठलं साल देऊ?"

ते चेष्टेने विचारत होते. तीही चेष्टेनेच उत्तर देणार होती, की मला कशाला, मी तर पडद्यामागची. पण तोंड उघडलं तेव्हा उत्तर आधीच तिथे तयार होतं.

"एकोणतीस," ती म्हणाली.

त्या साली ती नाईकवडींना ओळखतही नव्हती. त्या साली तिची बहीण सुनीती अजून होती, दोघी रंकाळ्याच्या काठावर एका भाड्याच्या खोलीत राहत होत्या, आणि रोज संध्याकाळी सुनीती कामावरून येताना दोघींना मिळून एक भेळ आणायची.

पाटोळ्यांनी फळा वरपासून खालपर्यंत वाचला. "मॅडम, एकोणतीस साली कुठलाच सोहळा नाही झालेला. दाखवायला काहीच नाही."

"नसू दे," ऋजुता म्हणाली. "तेच द्या."